वगळलेल्याचा हिशेब

मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे दहिवलीच्या शेतकऱ्यांच्या अंगणांत एक लहानसें काम चाललेलें पाहावयास मिळतें. पेरणीसाठीं राखलेलें भाताचें बियाणें मिठाच्या पाण्यांत घालतात. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवावें, त्यांत बीं सोडून ढवळावें आणि पाणी निवळूं द्यावें. पोंचट आणि रोगट दाणा वर तरंगतो. भरलेला दाणा तळाशीं बसतो. तरंगणारा दाणा काढून टाकावा, तळचा चांगल्या पाण्यानें दोनतीनदां धुवून सावलींत सुकवावा आणि मग राबांत पेरावा, अशी ही साधी रीत आहे. हें काम करणाऱ्याच्या मनाला कधीं टोंचणी लागत नाहीं. निवड त्यानें केलेली नसते, पाण्यानें केलेली असते. कसोटी एकच असते, ती म्हणजे दाण्याचें वजन. आणि जें वगळलें तें शेतांत जातच नाहीं, त्यामुळें त्याचा पुढें कांहीं हिशेबहि उरत नाहीं.

निवडणें, गाळणें आणि वगळणें हीं कामें मनुष्य जन्मभर करीत असतो. हंस पाण्यांतून दूध वेगळें काढतो अशी कविकल्पना आहे, आणि या गुणाला आपण विवेक हें मोठें नांव दिलें आहे. परंतु मनुष्याच्या सगळ्याच निवडी या मिठाच्या पाण्यासारख्या निरपराध असतात काय? निवडणाऱ्यानें काय घेतलें एवढेंच पाहावयाचें, कीं काय वगळलें याचाहि जाब त्याला द्यावा लागतो? हा प्रश्न जुना आहे. आमच्यापुढें मात्र तो अलीकडे एका अगदीं नव्या व्यवसायाच्या निमित्तानें उभा राहिला, आणि तेथें तो इतका उघडा दिसला कीं त्याच व्यवसायाच्या आधारानें त्याचा विचार करावा असें आम्हांस वाटलें.

कर्जतहून पहांटेची लोकल धरून, ठाण्यास गाडी बदलून, ऐरोली-रबाळ्याकडे कामास जाणारे कितीतरी तरुण आज दहिवलींत राहतात. त्यांपैकीं आमच्या शेजारचा एक तरुण एका डेटा सेंटरमध्यें सर्व्हरांची देखभाल करतो. एका रविवारीं तो आमच्या ओटीवर येऊन बसला तो कांहींसा अस्वस्थ दिसला. सगळे सर्व्हर अद्ययावत् आहेत असा अहवाल वरिष्ठांना हवा होता, आणि सगळे सर्व्हर तसे नव्हते. कांहीं भागांचें नूतनीकरण त्यानें विचारपूर्वक थांबविलें होतें. कांहींचें नुसतेंच राहून गेलें होतें. वरून सूचना आली होती कीं ते भाग यादींतून गाळून टाक, म्हणजे उरलेल्यांचा आंकडा शंभर टक्के दिसेल. त्याचें म्हणणें आम्हांस अजून आठवतें. “काका, जें बदललें त्याची नोंद यंत्र आपणच ठेवतें. जें वगळलें त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं, आणि विचारणाराहि कोणी नसतो. मग मी खोटें बोलतों आहें कीं नाहीं?”

आम्हीं त्यावेळीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. उत्तर देण्यापूर्वीं प्रकरण काय आहे हें समजून घेणें अवश्य होतें, आणि तें वाचकांपुढेंहि थोडक्यांत मांडणें जरूर आहे.

सर्व्हर हा शब्द एकवचनी आहे, पण ती वस्तु एकवचनी नव्हे. त्या एका पेटींत मुख्य फलक असतो व त्याला जागें करणारा ‘बायोस’ असतो. यंत्र बंद असतांनाहि त्याच्यावर देखरेख ठेवणारा एक निराळा लहान संगणक असतो. बाहेरच्या जगाशीं बोलणारीं नेटवर्क कार्डें असतात. डिस्कांचा कारभार पाहणारा नियंत्रक असतो. प्रत्यक्ष डिस्का असतात. वीज पुरविणारे संच असतात. यांपैकीं जवळजवळ प्रत्येकाच्या चिपमध्यें त्याचा स्वतःचा असा एक आज्ञासंग्रह मुरवून ठेवलेला असतो. त्यालाच फर्मवेअर म्हणतात. आपण वापरतों तें सॉफ्टवेअर वरच्या मजल्यावर राहतें. फर्मवेअर पायाशीं राहतें, म्हणून तें सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

या आज्ञासंग्रहांच्या सुधारलेल्या आवृत्त्या उत्पादक कंपन्या वेळोवेळीं काढतात. कांहीं आवृत्त्या चोरवाट बुजविण्यासाठीं असतात, कांहीं एखादा दोष दूर करण्यासाठीं, तर कांहीं केवळ नव्या भागांशीं जुळवून घेण्यासाठीं. त्यांवर तातडीची, शिफारस केलेली, ऐच्छिक अशा प्रतवारीच्या खुणाहि असतात. शेंकडों सर्व्हर सांभाळणारा मनुष्य एका पडद्यावर बसून यंत्रांत असलेली आवृत्ति आणि बाजारांत आलेली आवृत्ति यांची तुलना करतो. त्या पडद्यावर एक चाळणी असते. फक्त बायोस दाखव, डिस्का वगळ, यंत्र बंद करून पुन्हां चालू करावें लागेल असे भाग बाजूला ठेव, अशा आज्ञा तिला देतां येतात. ही चाळणी चैन म्हणून दिलेली नाहीं. फर्मवेअर लिहिलें जात असतां वीज गेली तर तो भाग कायमचा निकामी होण्याची भीति असते; अशा भागाची ‘वीट झाली’ असें या धंद्यांतील लोक म्हणतात. पुष्कळ बदलांसाठीं यंत्र थांबवावें लागतें, आणि त्या यंत्रावर कोणाची बँक, कोणाचें रुग्णालय, कोणाचें आरक्षण अवलंबून असतें. म्हणून सगळें एका रात्रींत बदलणें शक्य नसतें, आणि निवड करावीच लागते.

या निवडीविषयीं दोन टोकांचीं मतें आढळतात, आणि दोन्ही मतांना अनुभवाचा आधार आहे. पहिलें मत असें कीं जें चालतें आहे त्याला हात लावूं नये. हें मत केवळ आळशांचें नाहीं. ३ जानेवारी २०१८ रोजीं जगांतील बहुसंख्य संगणकांच्या प्रोसेसरांत खोलवर दोष असल्याचें प्रसिद्ध झालें. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हीं त्यांचीं नांवें पुष्कळांच्या कानांवरून गेलीं असतील. त्यावर उपाय म्हणून इंटेल कंपनीनें प्रोसेसरांच्या अंतर्गत आज्ञांची नवी आवृत्ति घाईनें तयार करून दिली. ज्यांनीं ती तत्परतेनें बसविली त्यांचीं कांहीं यंत्रें अवेळीं आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागलीं. २२ जानेवारीस, म्हणजे तीन आठवड्यांच्या आंतच, ही आवृत्ति बसविणें थांबवा असें खुद्द इंटेललाच सर्वांना सांगावें लागलें. त्या तीन आठवड्यांत ज्यांनीं चाळणी लावून तो भाग वगळला होता, त्यांना आपण कर्तव्यच्युत म्हणूं काय?

दुसरें मत असें कीं जें जें नवें येईल तें तें सर्व ताबडतोब स्वीकारावें. आपण उत्पादकाहून अधिक शहाणे नाहीं. त्यालाहि तितकाच बळकट दाखला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्यें ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीनें जाहीर केलें कीं तिच्या कांहीं जातींच्या डिस्का ३२,७६८ तास चालल्या म्हणजे बंद पडतील. हे तास म्हणजे ३ वर्षें, २७० दिवस आणि ८ तास. ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे हें जाणत्यांच्या लगेच ध्यानांत येईल. तो क्षण ओलांडल्यावर डिस्कहि गेली आणि तिच्यांतील माहितीहि गेली. परत मिळविण्याचा मार्ग नाहीं. फर्मवेअर त्यापूर्वीं बदलणें एवढाच उपाय होता. मार्च २०२० मध्यें दुसऱ्या कांहीं डिस्कांविषयीं ४०,००० तासांची अशीच सूचना निघाली. यांतील क्रूर गोष्ट निराळीच आहे. एक डिस्क गेली तर दुसरीनें सांभाळून घ्यावें म्हणून सर्व्हरांत डिस्का अनेक ठेवतात. परंतु ज्या एकाच दिवशीं चालू केल्या त्या जवळजवळ एकाच घटकेस जाणार. सावधगिरीसाठीं घेतलेले सगळे सोबती एकाच वेळीं उठून जावेत तसा हा प्रकार होता. येथें ज्यानें ‘चालतें त्याला हात कशाला’ म्हणून डिस्का वगळल्या, त्याच्या यंत्रांत एक घड्याळ टिकटिकत राहिलें आणि त्याला तें ऐकूं आलें नाहीं.

तेव्हां सगळें घ्यावें हाहि धर्म नव्हे आणि कांहींच घेऊं नये हाहि धर्म नव्हे. चाळणी हवीच. परंतु ती मिठाच्या पाण्यासारखी एका कसोटीची असूं शकत नाहीं. बदलल्यानें येणारें संकट आणि न बदलल्यानें येणारें संकट हीं दोन्ही तेथें तोलावीं लागतात, आणि एक भाग दुसऱ्याशीं बांधलेला असल्यामुळें त्यांचें परस्परांचें नातेंहि पाहावें लागतें. एखाद्या नियंत्रकाची नवी आवृत्ति बायोसच्या जुन्या आवृत्तीशीं जुळत नाहीं; तो घ्यावा तर आधीं बायोस घेतला पाहिजे.

या नात्याचें उदाहरण पाहण्यास कर्जतकरांना फार लांब जावयास नको. बोरघाटाच्या पायथ्याशीं असल्यामुळें, गाडीला मागून ढकलणारीं जादा इंजिनें लावण्याचें काम या स्टेशनानें पिढ्यान् पिढ्या पाहिलें आहे. कल्याण-पुणें मार्गावर १९२९ च्या सुमारास विजेची गाडी आली ती १,५०० व्होल्टच्या डी. सी. प्रवाहावर चालणारी होती. पुढें देशभर २५,००० व्होल्टचा ए. सी. प्रवाह प्रमाण ठरला, तेव्हां हाहि मार्ग बदलणें भाग होतें. पण तारेंतील प्रवाह बदलावा तर इंजिन चालेना आणि इंजिन बदलावें तर जुन्या तारेखालीं तें निरुपयोगी. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणारीं इंजिनें आणि डबे आणले गेले, एकेक टप्पा बदलत गेला, आणि मुंबईच्या टोकापर्यंत मुख्य मार्गाचें काम २०१५ मध्यें पुरें झालें. तोंपर्यंत मधल्या वर्षांत कोणत्या स्तंभापर्यंत जुना प्रवाह आहे आणि कोठून नवा सुरू होतो हें प्रत्येक चालकाला ठाऊक असावें लागे. न बदललेला टप्पा ही लपविण्याची गोष्ट नव्हती. ती ठळक पाटी लावून सांगण्याची गोष्ट होती.

येथें आमच्या प्रश्नाचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. मिठाच्या पाण्यांतून काढलेला पोंचट दाणा शेताबाहेर जातो. सर्व्हरांच्या यादींतून काढलेला भाग सर्व्हराबाहेर जात नाहीं. तो पडद्यावरून नाहींसा होतो, पण पेटींत आपल्या जागीं राहतो, काम करीत राहतो, आणि त्याच्या अंगीं जो दोष असेल तोहि आपलें काम करीत राहतो. म्हणजे चाळणीनें फक्त आपली दृष्टि गाळली. वस्तु गाळली नाहीं. हा भेद ज्याच्या ध्यानांतून सुटला तो निवड करीत नाहीं, तो विसरण्याची सोय करून ठेवतो.

विसरण्याची किंमत किती दूरवर भरावी लागते याचा एक दाखला आमच्याच रायगड जिल्ह्यांत घडला. जून २०१७ च्या अखेरीस उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम अकस्मात् ठप्प झालें. तें टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज-कंपनीच्या समूहाकडून चालविलें जात होतें, आणि त्या समूहाचे संगणक २७ जून रोजीं ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीनें जगभर एकदम निकामी केले होते. या आज्ञावलीचा प्रवेश आणि प्रसार दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. ती शिरली ती युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीतून. म्हणजे नवें तें सर्व विश्वासानें घेण्याची संवयच तिला वाहन म्हणून मिळाली. आणि ती पसरली ती एक तर चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या बळावर, आणि दुसरें म्हणजे अशा एका चोरवाटेनें, जी बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षीं मार्चमध्यें दिलेला होता व जो कित्येक ठिकाणीं बसवावयाचा राहिला होता. घेण्यांत विवेक नाहीं आणि वगळण्यांत स्मरण नाहीं, अशीं दोन्ही पापें एका दिवशीं फळास आलीं. त्या कंपनीला सुमारें १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभारावे लागले, आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरांत गेलें. ज्यांचा या निवडीशीं कांहीं संबंध नव्हता अशा लोकांचा माल मात्र समुद्रकांठीं अडकून पडला.

याच घटनेंतील आणखी एक गोष्ट नीतीच्या अभ्यासकानें ध्यानीं धरण्यासारखी आहे. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची ओळखपाळख ज्यांत सांठविलेली असते ते मुख्य सर्व्हर जगभर नष्ट झाले असतां त्यांची एकच प्रत वांचली, ती आफ्रिकेंतील घाना देशांतल्या कचेरींत. कारण काय, तर त्यावेळीं तेथली वीज गेली होती आणि तें यंत्र बंद होतें. त्या एका प्रतीवरून पुढची सगळी उभारणी सुकर झाली. आतां हें पाहून कोणी म्हणेल कीं जें वगळलें गेलें तेंच तारक ठरलें. खरें आहे, परंतु त्यांत कोणाची पुण्याई नव्हती. ज्यानें विचारानें तें यंत्र जाळ्याबाहेर ठेवलें असतें त्याचा आम्हीं गौरव केला असता. वीज गेल्यामुळें जें वांचलें तें दैव. मनुष्याची वाखाणणी किंवा निंदा त्याच्या निवडीवरून करावयाची, तिच्या फळावरून नव्हे; आणि निवड झालीच नसेल तर दैवाचें दान स्वतःच्या शहाणपणाच्या खात्यावर जमा करूं नये.

पण येथें एक मोठी अडचण उभी राहते. बाहेरून पाहणाऱ्याला विचारपूर्वक थांबलेला मनुष्य आणि नुसता दुर्लक्ष करणारा मनुष्य हे सारखेच दिसतात. दोघांच्याहि यंत्रांत जुनीच आवृत्ति असते. शिवाय लोकव्यवहार करणाऱ्या हाताला जितका कठोर असतो तितका न करणाऱ्या हाताला नसतो. बदल केला आणि यंत्र बंद पडलें तर ‘कोणी केलें?’ हा प्रश्न तत्काळ विचारला जातो. बदल केला नाहीं आणि यंत्र बंद पडलें तर ‘यंत्रच तसें होतें’ असें म्हणून सर्वजण घरीं जातात. त्यामुळें स्वतःचें हित पाहणाऱ्याचा कल नेहमीं वगळण्याकडे असतो, आणि चाळणी त्या कलाला शास्त्रीय रूप देते. ज्याला भीति वाटते तो आपल्या भीतीला सावधपणा म्हणतो.

दुसरा मोह त्याहूनहि सूक्ष्म आहे, आणि आमच्या शेजाऱ्याच्या अस्वस्थतेचें मूळ तेथें होतें. अवघड भाग यादींतून काढले कीं अद्ययावत् भागांची टक्केवारी वाढते. भाजकांतून नको तें वजा केलें म्हणजे भागाकार सुंदर येतो, हें प्राथमिक शाळेंतल्या मुलालाहि कळेल. या अहवालांतील एकहि आंकडा खोटा नसतो. ज्या भागांविषयीं तो बोलतो त्यांविषयीं तो खरेंच बोलतो. पण वाचणारा त्यावरून जें समजतो तें खोटें असतें, आणि तो तसें समजणार हें लिहिणाऱ्याला आधींच ठाऊक असतें. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ जमिनीला टेंकला ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. तिचें तात्पर्य हेंच आहे कीं शब्दांचें सत्य आणि सत्य हीं दोन वेगळीं आहेत. आमच्या मतें त्या तरुणाच्या प्रश्नाचें उत्तर असें आहे: भाग वगळणें हें असत्य नव्हे, वगळल्याचें वगळणें हें असत्य आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मनुष्य क्षणोक्षणीं असंख्य गोष्टी करीत नाहीं. न केलेल्या प्रत्येक गोष्टीचा जाब त्याला विचारूं लागलों तर त्याला श्वास घेण्यासहि सवड मिळावयाची नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. परंतु आम्ही अनंताचा हिशेब मागत नाहीं. जें त्याच्यासमोर यादींत आलें होतें, ज्यावर त्याची नजर पडली, आणि जें त्यानें स्वतःच्या हातानें बाजूला सारलें, तेवढ्याचाच हिशेब मागतों. तेवढ्यापुरतें वगळणें हें ‘न करणें’ नसून एक कृतिच आहे. इतर कृतींप्रमाणें तिलाहि कारण असलें पाहिजे, आणि तें कारण सांगतां आलें पाहिजे.

दुसरा आक्षेप असा कीं सारा भार एका पगारी नोकरावर टाकणें न्याय्य नाहीं. हाहि आक्षेप खरा आहे. यंत्र थांबविण्यासाठीं ज्या धन्यानें रात्रीचे दोन तासहि कधीं दिले नाहींत, त्यानें ‘तूं हें कां बदललें नाहींस’ असें विचारणें हा निर्लज्जपणा आहे. आणि निवडण्याचा अधिकारच जेथें हिरावून घेतला जातो तेथें तर भार सर्वस्वी हिरावून घेणाऱ्यावर जातो. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या कंपनीच्या प्रोग्रॅमची आवृत्ति एक किंवा दोन पावलें मागें ठेवण्याची सोय ग्राहकांना होती, आणि सावध ग्राहकांनीं ती वापरलीहि होती. पण ही फाइल त्या चाळणींतून जातच नव्हती. ती सर्वांच्या यंत्रांत एकदम उतरली. ज्यानें काळजीपूर्वक चाळणी लावली त्याला अशा वेळीं दोष देतां येणार नाहीं. अधिकार जितका, जबाबदारी तितकीच; हें प्रमाण दोन्ही बाजूंनीं पाळलें पाहिजे.

मग वगळणाऱ्याचें कर्तव्य तरी कोणतें? आम्हांस तें फार मोठें वाटत नाहीं. वगळलेल्या भागाचें नांव लिहावें. कां वगळला हें एका वाक्यांत लिहावें. आणि तें वाक्य लिहितां येत नसेल तर तो वगळूं नये. पुन्हां केव्हां पाहणार तो दिवस लिहावा, कारण दिवस नसलेला निश्चय हा निश्चय नव्हे. आणि त्या भागावर जे अवलंबून आहेत त्यांना हें सर्व कळूं द्यावें. २०१८ च्या जानेवारींत थांबलेला आणि २०१९ च्या डिस्का विसरलेला, हे बाहेरून सारखे दिसणारे दोन मनुष्य या चार ओळींनीं ताबडतोब वेगळे ओळखूं येतात. पहिल्याला त्या लिहितां आल्या असत्या. दुसऱ्याजवळ लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें. वगळलेलें हें केर नव्हे, तें ऋण आहे. ऋण असणें हा अपराध नाहीं. तें वहींत न लिहिणें हा अपराध आहे.

आमच्या शेतकऱ्याला हा विवेक अपरिचित नाहीं. कर्जतच्या कृषि संशोधन केंद्रांतून निघालेले कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ असे भाताचे वाण या तालुक्याच्या पलीकडेहि पोंचले आहेत. नवा वाण आला म्हणून शहाणा शेतकरी सगळीं खाचरें एका वर्षीं त्याच्या स्वाधीन करीत नाहीं. एका खाचरांत लावून पाहतो, बाकींत जुनें ठेवतो. पण कोणत्या बांधाच्या आंत जुनें आहे आणि कोणत्या बांधाच्या आंत नवें, हें त्याला अंधारांतहि सांगतां येतें. कापणीच्या वेळीं तो दोन्ही खळ्यावर आणतो, आणि पुढच्या वर्षींचा निर्णय दोहोंकडे पाहून करतो. जुनें राखणें हा त्याचा निश्चय असतो, विसर नसतो.

तो तरुण पुढें एका संध्याकाळीं पुन्हां आला. अहवाल त्यानें चाळणी न लावतां दिला होता: इतके भाग नवे, इतके जुने, जुन्यांपैकीं इतके कां थांबविले त्याचीं कारणें, आणि इतके आपल्या हयगयीनें राहिले त्याची कबुली. आंकडा अर्थातच शंभर टक्के नव्हता. वरिष्ठ खूश झाले नाहींत, आणि त्याला चार कडक शब्दहि ऐकावे लागले. मात्र हयगयीनें राहिलेल्या भागांसाठीं महिन्यांतून एक रात्र यंत्रें थांबविण्याची परवानगी त्यांनीं दिली. ती तो दीड वर्ष मागत होता. या सत्याचें फळ नेहमींच असें हातीं येतें असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येकदां नुसते कडक शब्दच मिळतात. पण त्या रात्रपाळीचें सांगून तो उठला तेव्हां त्याच्या हातांत एक साधी वही होती, आणि तींत वगळलेल्या भागांचीं नांवें, कारणें आणि पुन्हां पाहण्याचे दिवस ओळीनें लिहिलेले होते. जो जो म्हणून आपल्या कामांत चाळणी वापरतो, त्यानें अशी एक वही जवळ बाळगावी, इतकेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.